राजगड–तोरणा डोंगरधार: छायाचित्रांसाठी जाणार असाल तर वाट तोरण्याकडून धरावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय ४४, राहणे नाशिकजवळ, कळसूबाई आणि हरिहर हे दोन्ही चांगले चढलेले. डिसेंबरच्या अखेरीस राजगडावरून तोरण्याकडे जाणारी डोंगरधार एका दिवसात चालायची आहे, सोबत अकरावीत शिकणारा मुलगा असेल. नवा फुल फ्रेम कॅमेरा आणि २४-७० मिलिमीटरची लेन्स हाताशी आहे. ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स भाड्याने घ्यावी का, ट्रायपॉड न्यावा का, आणि ‘सर्वात चांगला देखावा’ वाटेत नेमका कोठे मिळतो, हे आपण विचारले आहे.

मी गेली तेवीस वर्षे सह्याद्रीत चालते आणि त्यांतली सतरा वर्षे कॅमेरा घेऊन चालते आहे. ही धार मी दोन्ही दिशांनी आणि वेगवेगळ्या ऋतूंत केली आहे. लेन्स आणि ट्रायपॉडचे उत्तर पुढे सविस्तर देते, परंतु त्याआधी एक अडचण समोर मांडणे मला आवश्यक वाटते, कारण ती सुटल्याशिवाय कोणतीही लेन्स उपयोगी पडणार नाही. चालणे आणि छायाचित्रण ही दोन्ही कामे दिवसाच्या त्याच तासांवर हक्क सांगतात. डिसेंबरच्या अखेरीस या भागात सूर्य सकाळी साधारण ७ वाजता उगवतो आणि संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास मावळतो, म्हणजे उजेडाचे तास जेमतेम अकरा. पायथ्याच्या गुंजवणे गावातून चोरदरवाजाने राजगड चढायला अडीच ते तीन तास, अळू दरवाज्यातून उतरून धारेने तोरण्याची बुधला माची गाठायला सहा ते सात तास, आणि तोरण्यावरून पायथ्याच्या वेल्हे गावात उतरायला आणखी दोन ते अडीच तास. बेरीज केली तर न थांबता चालणाऱ्यालाही दिवस अपुरा पडतो. नेहमीच्या पद्धतीने पहाटे निघून राजगडाकडून सुरुवात केली की सकाळचा उत्तम प्रकाश चोरदरवाज्याच्या चढावर झाडीत संपतो, आणि संध्याकाळचा प्रकाश येतो तेव्हा आपण बुधल्याखालच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, पाय रोवण्यात गुंतलेले असतो.

हे मी अनुभवाने शिकले. पहिल्यांदा ही धार चालताना राजगडाच्या संजीवनी माचीवर मी सकाळचे दोन तास छायाचित्रांत घालवले, कारण कोवळ्या उन्हात दुहेरी तटबंदी फार सुंदर दिसत होती. त्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागली. बुधला माचीच्या शेवटच्या उभ्या चढाशी पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता, सोबतची मैत्रीण घसाऱ्यावरून तीन-चार फूट घसरली, गुडघा सोलवटला, आणि पुढचा कातळटप्पा आम्ही दोघींनी एका विजेरीच्या उजेडात चढला. त्या दिवसाची माझी एकही संध्याकाळची प्रतिमा नाही. तेव्हापासून मी आधी प्रकाशाचे वेळापत्रक मांडते आणि मग त्यात पावले बसवते.

आता दिशेचा विचार करू, कारण आपल्या तारखांना तो निर्णायक आहे. तोरण्यावर उभे राहिले तर राजगड पूर्व आणि आग्नेय यांच्या मधोमध दिसतो. नकाशावर मोजल्यास ही दिशा उत्तरेपासून सुमारे ११८ अंशांवर येते, आणि दोन्ही गडांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ७ किलोमीटर आहे. सूर्य रोज बरोबर पूर्वेला उगवत नाही, हे आपण जाणताच. या अक्षांशावर २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास तो पूर्वेला उगवतो, परंतु डिसेंबरच्या अखेरीस तो जवळजवळ ११५ अंशांवर, म्हणजे पूर्वेपासून चांगलाच दक्षिणेकडे सरकून वर येतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तोरण्यावरून पाहणाऱ्याला सूर्य राजगडाच्या अगदी पाठीमागून, किंचित डावीकडून उगवताना दिसतो. या महिनाभरात उगवतीची जागा फार तर एखाद-दीड अंश सरकते, त्यामुळे नेमका अमुकच दिवस पकडण्याची घाई नको. उगवल्यावर सूर्य वर चढताना थोडा उजवीकडे कलतो. म्हणून पहिल्या काही मिनिटांत तो बालेकिल्ल्याच्या कडेशी आणून ठेवायचा असेल, तर स्वतः तोरण्यावर काही पावले इकडे-तिकडे सरकून जागा निवडावी लागते.

या उलट, राजगडावरून तोरण्याच्या मागे सूर्य मावळताना पाहण्याची इच्छा असेल तर डिसेंबर हा त्याचा महिना नाही. तोरणा तिथून २९८ अंशांवर आहे आणि डिसेंबरातला सूर्य २४५ अंशांच्या आसपास मावळतो, म्हणजे तोरण्याच्या पन्नासहून अधिक अंश डावीकडे. तो योग मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनमध्ये जुळतो. तेव्हा वळवाच्या ढगांनी आकाश भरलेले असते, आणि डोंगरधारेवर वीज पडण्याचा धोका असल्याने त्या दिवसांत दुपारनंतर मी कोणालाही धारेवर नेत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की आपण वाट उलटी धरावी. सुरुवात तोरण्याकडून करावी आणि शेवट राजगडावर. आदल्या संध्याकाळी वेल्ह्यात मुक्काम करावा. पहाटे पावणेचारला निघून, वाट पायाखालची असलेला गावातील माणूस सोबत घेऊन, सव्वासहापर्यंत बिनी दरवाजा आणि कोठी दरवाजा ओलांडून गडावर पोहोचावे. आकाशाला रंग साडेसहाच्या आधीच येऊ लागतो, आणि माझ्या अनुभवात सूर्य वर येण्यापूर्वीची वीस-पंचवीस मिनिटे ही सूर्य वर आल्यानंतरच्या तासापेक्षा जास्त देऊन जातात. आठच्या सुमारास कॅमेरा पिशवीत ठेवावा, मेंगाई देवीच्या मंदिरापाशी न्याहारी करावी आणि साडेआठपर्यंत बुधला माचीकडून उतरायला लागावे. पाय ताजे असताना घसाऱ्याचा उतार उतरणे आणि दमलेल्या पायांनी संध्याकाळी तोच चढणे, यांत पहिले मला अधिक सुरक्षित वाटते. काही अनुभवी ट्रेकर मित्र याच्या उलट सांगतात, कारण घसाऱ्यावर चढ हा उतारापेक्षा सोपा असतो. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ते उजेडातला चढ आणि उजेडातला उतार यांची तुलना करतात. आपल्या वेळापत्रकात तुलना आहे सकाळचा उतार आणि काळोखातला चढ यांची.

बुधला उतरल्यावर धार कधी झाडोऱ्यातून, कधी उघड्या माळावरून जाते, मध्ये एक डांबरी रस्ता तिला खिंडीत छेदतो, आणि त्यानंतर राजगडाच्या अळू दरवाज्याकडे चढ सुरू होतो. दुपारी अडीच-तीनपर्यंत अळू दरवाजा गाठता आला तर पुढचे सर्व सोपे होते. तासभर विश्रांती घ्यावी, मग साडेतीन ते पाच संजीवनी माचीवर काम करावे. संध्याकाळचे ऊन तिरके येऊ लागले की चिलखती तटबंदीच्या दोन भिंतींमधली सावली गडद होते आणि माची सापासारखी वळत गेलेली स्पष्ट दिसते. पायांत बळ उरले असेल तर सूर्यास्तासाठी बालेकिल्ल्यावर जावे, कारण संपूर्ण संजीवनी माची एका नजरेत तिथूनच येते. परंतु बालेकिल्ल्याची चढण उभी आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांची आहे, सुटीच्या दिवशी तिच्यावर गर्दीही असते. सूर्य टेकताच, रंग पूर्ण उतरण्याची वाट न पाहता, संधिप्रकाशात खाली यावे. दमला असाल तर बालेकिल्ला सोडून द्यावा आणि माचीवरच थांबावे. त्यानंतर पाली दरवाज्याने राजमार्गावरून विजेरीच्या उजेडात खाली उतरावे. राजगडाच्या वाटांमध्ये अंधारात उतरायला हीच सर्वांत रुंद आणि सरळ वाट आहे. पायथ्याच्या पाली गावात गाडी आधीच ठरवून ठेवावी, कारण त्या वेळी रस्त्यावर उभे राहून वाहन मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

या सर्व आराखड्यात तीन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या आपण स्वतः तपासायला हव्यात. पहिली म्हणजे नियम. गडावर मुक्काम करण्याबाबत आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर थांबण्याबाबतचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत राजगड आहे, त्यामुळे तिथे आता अधिक काटेकोरपणा अपेक्षित धरावा. निघण्यापूर्वी वेल्हे आणि पाली या दोन्ही गावांत चौकशी करावी, आणि पहाटे चढण्यास मनाई असल्याचे कळले तर ती मुकाट्याने पाळावी. तशा वेळी संपूर्ण धार चालण्याचा आग्रह सोडून एक दिवस फक्त राजगडाला द्यावा, कारण सकाळचा तोरणा हातचा गेल्यावर या आराखड्याचा छायाचित्राच्या दृष्टीने अर्धा जीव जातो. दुसरी गोष्ट म्हणजे दम. पहाटे पावणेचार ते रात्री साडेआठ हा सोळा-सतरा तासांचा दिवस आहे. हरिहरच्या पायऱ्या चढता येणे आणि इतका वेळ पायांवर राहणे या वेगळ्या कसोट्या आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे वाटाड्या. धारेवर अनेक ठिकाणी ढोरवाटा फुटतात, विशेषतः बुधल्याच्या पायथ्याशी आणि डांबरी रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे, आणि चुकलेली एक ढोरवाट अर्धा-पाऊण तास खाते. वाट माहीत असलेल्या गावकऱ्याला योग्य मोबदला देऊन पूर्ण दिवस सोबत ठेवावे.

लेन्सबद्दल. हो, ७०-२०० भाड्याने घ्या. हे निःशंकपणे सांगते. तोरण्यावरून ७ किलोमीटरवरचा राजगड २४ मिलिमीटरला इतका लहान येतो की चित्रात तो शोधावा लागतो, कारण त्या अंतरावर चौकटीची रुंदी दहा किलोमीटरहून अधिक भरते. ७० मिलिमीटरला तीच रुंदी साडेतीन किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे गड माच्यांसकट सुखाने मावतो, आणि २०० ला ती सव्वा किलोमीटरवर येऊन बालेकिल्ला आणि त्याच्या आजूबाजूचे कडे चौकट व्यापतात. सूर्यबिंबाचेही तसेच आहे. ७० ला ते एखाद्या ठिपक्याइतके राहते, तर २०० ला चौकटीच्या रुंदीचा सुमारे विसावा हिस्सा व्यापते, आणि मग बालेकिल्ल्याशेजारी त्याचा आकार अर्थपूर्ण वाटू लागतो. एकामागे एक उभ्या डोंगररांगा जवळ ओढून त्यांचे थर दाखवण्याचे कामही लांब पल्ल्याची लेन्सच करते. मात्र मोठ्या छिद्राची, म्हणजे एफ २.८ ची जड लेन्स घेऊ नका. एफ ४ ची घ्या. धारेवरची आपली बहुतेक चित्रे एफ ८ ते एफ ११ या लहान छिद्रांवर काढली जाणार आहेत, आणि जे छिद्र वापरायचेच नाही त्याचे वजन दिवसभर वाहण्यात हित नाही.

ट्रायपॉड न्यावा, परंतु हलका आणि आखूड. त्याची खरी गरज दिवसात दोनदाच लागते: सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर. पहाटे आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि एफ ८ ठेवल्यास शटर सेकंदाच्या चौथ्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही मंद उतरते, आणि २०० मिलिमीटरची लेन्स तेवढा वेळ हातात स्थिर राहणे अशक्य आहे. गडावर वारा असतो, म्हणून मधला दांडा वर न काढता पाय पसरून ट्रायपॉड बुटका ठेवावा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे. ट्रायपॉड किंवा पिशवी तटाच्या कडेवर टेकवण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्या दगडांमधला चुना ठिकठिकाणी सुटलेला आहे, आणि एक दगड ढळला तर कॅमेऱ्यापेक्षा मोठे नुकसान त्या वास्तूचे होते.

पहाटेच्या चित्रात प्रकाश कसा मोजावा, हेही सांगते, कारण नवा कॅमेरा इथे हमखास फसवतो. राजगड काळ्या आकृतीसारखा येणार आहे आणि तो तसाच यावा. कॅमेरा मात्र त्या काळ्या भागाला उजळवण्यासाठी आकाश पांढरे करून टाकतो. एक्स्पोजर एक थांबा (स्टॉप), म्हणजे निम्म्याने, कमी करावे, हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना ते पाहावे, आणि रॉ स्वरूपात दोन थांबे कमी-अधिक अशी तीन चित्रांची मालिकाही घ्यावी. सूर्य पूर्ण वर आल्यावर २०० मिलिमीटरची लेन्स त्याच्यावर रोखून ठेवू नये. चित्र घ्यावे आणि लगेच वळवावी किंवा झाकण लावावे. आपला कॅमेरा मिररलेस नसून आरशाचा असेल, तर डोळा लावून सूर्याकडे अजिबात पाहू नये.

‘सर्वात चांगला देखावा कोठे’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर थोडे आडवळणाचे आहे. धारेवर उभे राहून धार दिसत नाही. ती दिसते दोन्ही टोकांच्या उंचीवरून, किंवा वळणाच्या बाहेरच्या कडेवरून मागे पाहिल्यावर. म्हणून बुधला माचीवरून उतरण्यापूर्वी पूर्वेकडे पसरलेली संपूर्ण धार आणि तिच्या टोकाशी राजगड, हे चित्र घेतल्याशिवाय उतरू नका. आणि संजीवनीवर चढल्यावर मागे वळून, दिवसभरात आपण चाललो ती वाट आणि तिच्या शेवटी उभा तोरणा, हे दुसरे. इतिहास सांगतो की तोरण्यावर सापडलेल्या धनाचा उपयोग छत्रपती शिवाजी महाराजांनी मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्यासाठी केला, आणि पुढे राजधानी रायगडावर जाईपर्यंत स्वराज्याचा कारभार या राजगडावरून चालला. एका गडावरून दुसऱ्याचे चित्र घेताना मला हा संबंध नेहमी आठवतो, आणि म्हणूनच दोन्ही गड एकमेकांकडे पाहत असल्यासारखी ही जोडी माझ्या दृष्टीने या वाटेवरची सर्वांत मोलाची चित्रे आहेत.

मधल्या तासांत कॅमेरा बंद ठेवावा लागेल असे मात्र समजू नका. डिसेंबरात इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे झाडाची सावली जवळजवळ झाडाइतकीच लांब पडते आणि डोंगराला उठाव राहतो. मे महिन्यात हाच सूर्य डोक्यावर येतो आणि सगळे सपाट होते. धार साधारण पूर्व-पश्चिम असल्याने तिचा दक्षिणेकडचा उतार दिवसभर उजेडात आणि उत्तरेकडचा सावलीत राहतो, आणि या दोहोंमधली सीमारेषा, म्हणजेच धारेचा माथा, चित्रात आपोआप ठळक होतो. आकाशाचा निळा रंग गडद करणारा पोलरायझर फिल्टर सूर्याशी काटकोनात सर्वांत प्रभावी ठरतो, आणि डिसेंबरच्या दुपारी धारेच्या लांबीच्या दिशेने पाहिले की आपण जवळजवळ त्याच कोनात असतो. फक्त २४ मिलिमीटरला तो वापरू नका, आकाशाचा एक भाग गडद निळा आणि दुसरा फिका येतो.

इथे आपल्या मुलाची मोठी मदत होईल. मोकळ्या डोंगरधारेच्या चित्रात उंचीचा आणि पसाऱ्याचा अंदाज येत नाही, तो वाटेवरच्या माणसामुळे येतो. त्याला लाल किंवा गडद पिवळा सदरा घालायला सांगा, वाटाड्यासोबत शंभरएक पावले पुढे चालू द्या आणि आपण मागून ७० ते १०० मिलिमीटरवर चित्र घ्या. त्याने वाटेवरच राहावे, कड्याच्या टोकाशी उभे राहून हात पसरण्याची चित्रे घेऊ नयेत. ती मी कोणाचीच घेत नाही.

धूसरतेबद्दल आपण विचारलेले नाही, परंतु परतल्यावर तीच तक्रार असेल, म्हणून आधीच सांगते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते, आणि डिसेंबरपर्यंत तिच्यात धूळ आणि धूर साचू लागतो. थंडीच्या पहाटे खालची गार हवा दऱ्यांत अडकते, गावांतल्या चुलींचा धूर तिच्यासोबत थरांत बसतो. सूर्याच्या दिशेने पाहताना हाच थर सोनेरी होतो आणि मागची प्रत्येक डोंगररांग पुढच्या रांगेपेक्षा फिकी होत जाऊन खोली दाखवते. सूर्याकडे पाठ करून पाहिले की हाच थर राखाडी पडदा बनतो. त्यामुळे सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर सूर्याकडे किंवा त्याच्या बाजूला पाहून चित्रे घ्यावीत, आणि दूरचे लिंगाणा, रायगड टिपण्याचा हट्ट एखाद्या वाऱ्याने स्वच्छ केलेल्या दिवसासाठी राखून ठेवावा. संगणकावर धूसरता घालवण्याची कळ जपून वापरावी. जास्त ओढली की थरांची खोली जाते आणि डोंगर कापून चिकटवल्यासारखे दिसू लागतात.

सुरक्षिततेच्या काही गोष्टी मी आग्रहाने सांगते. डिसेंबरातले वाळलेले गवत निसरडे असते, उतारावर त्यावरून बूट ओल्या कातळापेक्षाही सहज घसरतो, त्यामुळे वाट सोडून चांगल्या कोनासाठी गवताळ उतारावर उतरू नका. कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवून कातळटप्पा उतरू नका, तो पुढे झुलतो आणि आपला हात आधार सोडून त्याला सावरायला जातो. अशा प्रत्येक ठिकाणी तो पिशवीत जायला हवा. चौकट जुळवताना मागे-पुढे सरकायचे असेल तर आधी डोळा कॅमेऱ्यावरून काढा, पायाखाली पाहा, सरका, आणि मग पुन्हा डोळा लावा. कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, म्हणून उग्र वासाचे अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. ड्रोन परवानगीशिवाय नेऊच नका. नियमाचा प्रश्न तर आहेच, शिवाय एका गडावर ड्रोनच्या आवाजाने उठलेल्या माश्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या दिवशी ज्यांना डंख बसले त्यांच्यापैकी कोणाचाही त्या ड्रोनशी संबंध नव्हता. पाणी प्रत्येकी चार लिटर घेऊन निघा. गडांवर टाकी आहेत, परंतु धारेवर भरवशाचे पाणी धरू नका. विजेऱ्या डोक्याला बांधायच्या असाव्यात, प्रत्येकाला एक आणि जास्तीची एक.

वेळेच्या शिस्तीसाठी दोन टप्पे लक्षात ठेवलेत तरी पुरे: डांबरी रस्त्यावर साडेअकरापर्यंत आणि अळू दरवाज्यात तीनपर्यंत. साडेबारापर्यंत रस्ता आला नाही, तर पुढचा चढ सोडून तिथेच धार सोडावी आणि ठरवलेली गाडी रस्त्यावर बोलावून घ्यावी. मोबाईलला सगळीकडे रेंज नसते, म्हणून गाडीवाल्याशी हा पर्याय आदल्या दिवशीच बोलून ठेवावा. मी दोनदा असे केले आहे, आणि दोन्ही वेळा सकाळची तोरण्यावरची चित्रे हाती होती.

शेवटची विनंती अशी की डिसेंबरच्या आधी, नोव्हेंबरात एखाद्या रविवारऐवजी कामाच्या दिवशी, मुलाला घेऊन फक्त राजगडावर एकदा जाऊन या. पाली दरवाज्याने चढा, संजीवनी माचीवर अळू दरवाजा नेमका कोठे निघतो ते पाहा, तिथून खाली धारेवर नजर टाकून ठेवा, भाड्याची लेन्स त्याच दिवशी आणून तिचे वजन पाठीवर तोलून पाहा, आणि परतताना मुद्दाम सूर्यास्तानंतर राजमार्गाने उतरा. त्या वाटेची वळणे आपल्या पायांना एकदा अंधारात माहीत झाली, की डिसेंबरच्या त्या लांब दिवसाचे शेवटचे दोन तास आपल्याला जड जाणार नाहीत.